थंडीच्या खात्यातला माणूस

जुन्या विलीस जीपचं बॉनेट उघडलं की नजर आधी मोठ्या मंडळींवर जाते. एअर फिल्टर, काब्रेटर, रेडिएटर, डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतून निघालेल्या वायरी. ह्यांच्या खाली, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कुशीला, बोटभर लोखंडी वजन लटकलेलं असतं आणि त्याच्या शेजारी चपट्या पट्टीची गुंडाळी केलेली एक स्प्रिंग. ह्या स्वारीचं कागदोपत्री नाव हीट रायझर व्हॉल्व्ह. गॅरेजात त्याला कुणी ‘हिटर’ म्हणतं, कुणी ‘आतली झडप’. बरेचजण काहीच म्हणत नाहीत, कारण तो तिथे आहे हेच त्यांच्या गावी नसतं. वर्षानुवर्षं जीप वापरलेले मालकसुद्धा त्याच्याकडे बोट दाखवून विचारतात, हे काय आहे?

दिसतं ते त्याचं अर्धं अंग. खरा गडी आत. मॅनिफोल्डच्या भिंतीतून आरपार एक दांडा गेलेला असतो आणि आतल्या बाजूला त्या दांड्यावर एक लोखंडी पाकळी. चारही सिलिंडरांतून सुटलेला जळका वायू ह्या पाकळीच्या अंगावरून जातो. इंजिन ओढीला लागलं की तिथली उष्णता पाचशे-सहाशे अंशांच्या घरात जाते. अशा जागी कुणाला नेमायचं तर तिथे ना रबर चालत, ना वायर, ना तेल.

त्याचं काम मात्र फक्त सकाळचं, आणि तेही दहाएक मिनिटांचं. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. काब्रेटर पेट्रोलचा फवारा उडवतो, पण इंजिन थंड असलं की तो फवारा इनटेकच्या गार भिंतीवर थेंब होऊन बसतो. सिलिंडरात जाते नुसती हवा, मग गाडी खोकते, पिकअप घेत नाही, चोक ओढून धरावा लागतो. अशा वेळी ही पाकळी जळक्या वायूची सायलेन्सरकडची वाट अडवते आणि त्याला आधी वर धाडते, इनटेक मॅनिफोल्डच्या तळाशी. तळ तापतो, बसलेले थेंब उडतात, इंजिनाचा सूर लागतो. तोवर बाहेरची स्प्रिंग तापून ढिली पडते, वजन खाली झुकतं, पाकळी फिरते आणि वायू सरळ सायलेन्सरला जातो. त्यानंतर गाडी बंद होईपर्यंत ह्याने बाजूला उभं राहायचं आणि कुणाची वाट अडवायची नाही.

हे सगळं तो कुणाला न विचारता करतो. त्याची स्प्रिंग दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली असते. एक पट्टी उष्णतेने जास्त वाढते, दुसरी कमी, त्यामुळे जोडपट्टी वळते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन ह्या इंग्रज घड्याळजीने समुद्रावर रेखांश मोजायच्या घड्याळात ही युक्ती वापरली, थंडी-उन्हाने घड्याळ चुकू नये म्हणून. जीपमध्ये तिच्यावर अवघड गणित नाही. गार असेल तर आवळ, तापलास तर सोड. वायुदाबाची नळी नाही, विजेचा तुकडा नाही. मला विचाराल तर त्या इंजिनातल्या ज्या मोजक्या पुर्जांना स्वतःची अक्कल आहे, त्यांतला हा एक. बाकीचे बहुतेक कुणीतरी फिरवलं की फिरतात.

आता हा रत्नागिरीत कसा आला ते ऐका. त्याचं मूळ गाव टोलेडो, अमेरिकेतलं ओहायो राज्य. जानेवारीत तिथला पारा शून्याखाली उतरतो आणि लोक सकाळी दारासमोरचं बर्फ उपसून गाडी काढतात. विलीस कंपनीचं ‘गो-डेव्हिल’ इंजिन तिथलं. बार्नी रूस ह्या इंजिनियरने त्याला साठ अश्वशक्तीपर्यंत आणलं, आकार जेमतेम २.२ लिटर. त्याचे व्हॉल्व्ह डोक्यावर नसून ब्लॉकच्या कुशीत असतात, म्हणून पेट्रोल आत घेणारं मॅनिफोल्ड आणि धूर बाहेर सोडणारं मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टने बांधलेली. ह्या शेजारामुळेच आपल्या स्वारीला नोकरी मिळाली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये तो होता, आणि १९४९ ते १९५३ ह्या काळात निघालेल्या सीजे-३ए ह्या मुलकी जीपमध्येही होता. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत माझगावला पेट्यांतून आलेले सुटे भाग जोडून जीपगाड्या बांधायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येक मॅनिफोल्डबरोबर हाही पेटीतून उतरला. कुणी त्याला विचारलं नाही, बाबा रे, तुला पाठवतोय त्या गावी थंडी पडते का?

रत्नागिरीत जानेवारीतली पहाट अठरा-वीस अंशांची. पारा पंधरापाशी आला तर चहाच्या टपरीवर आठवडाभर तोच विषय. थंडीच्या खात्यातला अधिकारी असा समुद्रकाठी बदली होऊन आला, टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, फायली काही येईनात. रत्नागिरीला त्याचं नवल नाही. काम काढून घेतलेल्या माणसाला इथे आणून बसवायची रीत जुनी आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणलं, १९१० मध्ये राहायला खाडीकडे तोंड केलेला राजवाडा दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. राज्य नव्हतं, राजवाडा होता. आपल्या स्वारीचंही तेच, फक्त राजवाडा ओतीव लोखंडाचा.

रिकामपण एक वेळ परवडलं असतं. गावची हवा परवडली नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वाऱ्यात मीठ, आणि उन्हाळ्यात रस्त्यावर जांभ्याची लाल धूळ. आंब्याचा हंगाम संपला की जीप शेडमध्ये जाते, वर ताडपत्री पडते, आणि जून ते सप्टेंबर तिला सहसा कुणी हात लावत नाही. गाडी रोज धावत असेल तर मॅनिफोल्ड तापून कोरडं राहतं. उभ्या गाडीच्या मॅनिफोल्डात दमट हवा आतून-बाहेरून फिरते. दांडा आणि त्याचं भोक ह्यांच्यामधल्या केसभर फटीत बाहेरून गंज शिरतो, आतून काजळी. दोघं भेटले की दांडा जागच्या जागी बसतो. गंजाचं आकारमान लोखंडापेक्षा मोठं, त्यामुळे फट भरून वर आवळही बसतो.

इथून पुढे त्याचं नशीब तो कुठल्या अवस्थेत अडकला त्यावर. उघडा अडकला तर कुणाला कळतही नाही. रत्नागिरीत तर नाहीच. सकाळी चोक थोडा जास्त वेळ ओढावा लागतो, बस. बंद अडकला तर मात्र मालकाच्या नाकी नऊ आणतो. जीप हातखंब्यापर्यंत गुणी बाळ असते. पाली, नाणीज, साखरपा इथवर ठीक. आंबा घाट चढायला लागली की जळका वायू सगळा वर इनटेकच्या तळाशी आदळतोय, काब्रेटरचं बूड तापतंय, आतलं पेट्रोल खदखदतंय. तापलेली हवा विरळ, म्हणून दम कमी. इंजिन टकटक करायला लागतं, आणि एखाद्या वळणावर गाडी गप्प. मग रस्त्याकडेला जे नाटक होतं ते जुन्या गाडीवाल्यांना पाठ आहे. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका, कॉइल बदला, टाकीत कचरा आहे, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. सगळ्यांवर आळ येतो. अर्ध्या तासाने गाडी थंड होऊन आपोआप सुरू होते आणि शेवटी ज्याने हात लावला त्याला श्रेय मिळतं. खरा गुन्हेगार लोखंडी वजन वर धरून निरागस चेहऱ्याने बसलेला असतो.

जुन्या मिस्त्र्यांनी ह्याच्यावर इलाज काढला होता. पाकळी उघडी करायची आणि वजन बाइंडिंग वायरने बांधून टाकायचं. वायरवर भरवसा नसेल तर वेल्डिंगचा एक टाका. कोकणातल्या कितीतरी जीपा अशा बांधलेल्या अवस्थेत आयुष्यभर धावल्या आणि कुणाचं काही बिघडलं नाही. ह्या मिस्त्र्यांना अडाणी म्हणायची हल्लीच्या शौकिनांना सवय आहे. मला तसं वाटत नाही. हवा बघून निर्णय घेणं ही इंजिनियरिंगचीच गोष्ट झाली. शिवाय खुद्द विलीसने पुढे ह्याला घरी बसवलंच. उंच बॉनेटची सीजे-३बी आली, जी महिंद्रांनी पुढे अनेक वर्षं बनवली, तिच्या इंजिनात इनटेकची वाट सिलिंडर हेडमध्येच ओतलेली होती आणि तिच्या सभोवती रेडिएटरचं पाणी खेळत होतं. पेट्रोलला लागणारी ऊब पाण्यातून मिळायला लागली. हीट रायझरचं पद रद्द झालं. म्हणून आज तो भेटतो तो मुख्यतः सीजे-३बीच्या आधीच्या जीपांत, आणि डॉज, प्लिमथसारख्या जुन्या अमेरिकन सहा सिलिंडरांत.

आमच्या ओळखीच्या एका आंबा बागायतदाराकडे अशी एक सीजे-३ए आहे. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्या जीपने घाटात दोनदा मान टाकली तेव्हा ती मिरजोळ्याच्या बाजूला एका गॅरेजात आली. तिथला मिस्त्री मूळचा मिरकरवाड्याच्या होड्यांच्या इंजिनांवर हात बसलेला. मिठाने धरलेलं लोखंड सोडवणं हे त्याचं अर्धं आयुष्य. त्याने बोटाने वजन दाबून पाहिलं. हललं नाही. मग म्हणाला, “आबा, ह्याला उघडा करून एक टाका मारतो. पाच मिनटांचं काम. आपल्या हवेत ह्याचा उपयोग काय?”

आबा म्हणाले, “पाच मिनिटांचंच काम असतं तर मी घरी केलं नसतं?”

इथून हीट रायझरच्या चरित्रातला खरा भाग सुरू होतो. त्याला सोडवताना माणसाची परीक्षा होते, कारण तो जबरदस्तीला बधत नाही, नुसता मोडतो. वजनाला पक्कड लावून पिळलं की वजन तुटतं, दांडा तसाच. म्हणून मिस्त्रीने आधी त्याला भिजवला. रॉकेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल समसमान, दांड्याच्या दोन्ही टोकांना, रात्रभर. सकाळी लहान हातोडीने दांड्याच्या टोकावर हलके घाव, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने. फिरवायचा प्रयत्नच नाही, फक्त दांड्याला त्याच्या लांबीच्या दिशेने जरासं सरकवायचं. सरकला की गंजाची पकड तुटते आणि मग फिरतो. बहुतेक वेळा इतक्यावर काम होतं. हा बहुतेकांतला नव्हता.

मग मॅनिफोल्ड उतरवणं आलं, आणि रत्नागिरीच्या हवेत सत्तर वर्षं राहिलेलं मॅनिफोल्ड उतरवायचं म्हणजे नट पाना लावून निघत नाहीत, मन वळवून निघतात. प्रत्येक स्टड गॅसच्या ज्योतीने तापवायचा, थोडा थंड होऊ द्यायचा, पाव वेढा सोडायचा, त्यातला निम्मा परत आवळायचा. घाईने एक स्टड ब्लॉकमध्ये तुटला की दोन दिवस ड्रिलिंगचे. मॅनिफोल्डचे कान ओतीव लोखंडाचे. ते तुटले तर वेल्डिंगही धड बसत नाही. त्या दुपारी मिस्त्रीने रेडिओ बंद केला होता.

टेबलावर आल्यावर आतली पाकळी दिसली. अर्धवट बंद, कडा झडलेल्या, अंगावर काजळीचा राखाडी लेप. मिस्त्रीने दांड्याच्या भोवतीचं लोखंड मंद लाल होईपर्यंत तापवलं आणि मेणबत्ती दांड्याला टेकवली. मेण वितळून फटीत ओढलं गेलं, धूर निघाला, आणि दोन-चार ठोक्यांत दांडा कुरकुरत फिरला. इथे पाणी ओतायचा मोह आवरावा लागतो. तापलेलं ओतीव लोखंड एकदम गार केलं की तडकतं.

दांडा बाहेर काढला तर तो खड्ड्यांनी भरलेला. नवा करणं भाग होतं. लेथवाल्याने स्टेनलेस स्टीलचा दांडा कातला, भोकात असा बसवला की अंगठ्याने दाबावा लागत होता. लेथवाल्याची मान ताठ. मिस्त्रीने तो परत दिला. “ढिला कर.” लेथवाल्याला पटेना, ढिलं काम म्हणजे त्याच्या हुन्नराला बट्टा. पण मिस्त्रीचं बरोबर होतं. नेहमीचं स्टेनलेस स्टील उष्णतेने ओतीव लोखंडाच्या सुमारे दीडपट वाढतं. सुमारे दहा मिलिमीटर जाडीच्या दांड्यात पाचशे-सहाशे अंशांना हा फरक तीन शतांश मिलिमीटरच्या आसपास जातो. गार असताना जो दांडा झकास बसतो तो तापल्यावर भोकात अडकतो, म्हणजे सोडवायला घेतलेला रोग नव्याने लावल्यासारखं. गार असताना किंचित खुळखुळला तरी चालेल. तापल्यावर मोकळा पाहिजे. मिस्त्रीला हे आकडे ठाऊक नव्हते. होड्यांच्या एक्झॉस्टवर स्टीलचे बोल्ट आवळून बसलेले त्याने पाहिले होते, एवढं पुरेसं होतं.

स्प्रिंग मात्र इथे घडवता येत नाही. साधी तार गुंडाळून ती होत नाही, कारण साध्या तारेला तापलं की आपण काय करायचं हे कळत नाही. जुन्या जीपांचे भाग नव्याने करणारे अमेरिकेत बरेच आहेत. आबांच्या पुतण्याने तिकडून मागवली. लखोट्यातून निघालेली ती नवी कोरी स्प्रिंग बघून मिस्त्री म्हणाला, “एवढ्याशा पट्टीला एवढा टपालखर्च?”

ह्या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे का, हा वाद गॅरेजात आठवडाभर चालला. नंबरप्लेटच्या अक्षरांपासून हेडलाइटच्या काचेपर्यंत सगळं मूळचं हवं म्हणणारे शौकीन असतात. आबा त्यातले नाहीत, त्यांच्या जीपला सीट रिक्षाच्या रेक्झिनची आहे. त्यांचा मुद्दा वेगळा होता. जुलैमध्ये इंजिन सुरू केलं की काब्रेटरच्या गळ्याला बाहेरून घाम फुटतो, तो मी पाहिलाय, असं ते म्हणाले. खरं आहे. पेट्रोलची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते, गळा गार पडतो आणि पावसाळी हवेतली वाफ त्याच्यावर दव होऊन बसते. म्हणजे बाहेर पंचवीस अंश असले तरी आत हिवाळा असू शकतो. थंडीच्या खात्याला कोकणात अगदीच काम नाही असं नाही. पावसाळ्यात थोडं आहे.

आणि आता पेट्रोलच बदललंय. २०२५ पर्यंत देशातल्या बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. इथेनॉलची वाफ करायला पेट्रोलच्या अडीच पटीच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे सकाळी इंजिनाला आधीपेक्षा जास्त ऊब हवी. तेच इथेनॉल अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळतं, म्हणजे गाडी तापल्यावर काब्रेटरला आधीपेक्षा जास्त गारवा हवा. दोन्ही मागण्या एकदम पुऱ्या करायला वायरने बांधलेली झडप चालत नाही, अडकलेली तर नाहीच. टोलेडोच्या बर्फासाठी नेमलेल्या माणसाला सत्तर वर्षांनी, बदलीच्या गावी, उसाच्या मळीमुळे काम निघालं. मिस्त्रीने हे ऐकून घेतलं. एवढंच म्हणाला की त्यापेक्षा पेट्रोलच चांगलं द्या म्हणावं.

जुळणी अर्ध्या दिवसाची. पाकळी नव्या दांड्यावर बसवून आतून वेल्डिंगचे दोन टाके. स्प्रिंगचं आतलं टोक दांड्याच्या खाचेत, बाहेरचं टोक अर्धा वेढा पिळून खुंटीवर. इथे जास्त पिळायचं नाही. पिळलं की तो उघडायला उशीर करतो. दांड्याला इंजिन ऑइल लावायचं नाही, ते जळून डिंक होतं. त्याऐवजी रॉकेलात कालवलेली ग्रॅफाइटची पूड. रॉकेल उडून जातं, ग्रॅफाइट राहतं. नट पितळेचे, म्हणजे पुढच्या वेळी उतरवताना स्टडला धरून बसायचे नाहीत. दोन मॅनिफोल्डांच्या मधलं पॅकिंग नवं.

मग सुरू करून पाहणं. इंजिन गार, वजन वर. स्टार्टर मारला, चोक, थोडं खोकणं. मिस्त्रीने एकदम ॲक्सिलरेटर दाबला तर वजन थरथरून खाली आलं आणि लगेच वर गेलं. आतल्या वायूचा लोंढा पाकळीला ढकलतो, स्प्रिंग तिला परत ओढते. हीच त्याच्या तब्येतीची खूण, नाडी बघितल्यासारखी. चारेक मिनिटांनी चोक आत ढकलला, इंजिन तक्रारीविना चालत राहिलं. दहा मिनिटांनी वजन हळूहळू झुकत खाली बसलं आणि तिथेच राहिलं. कुणी काही केलं नव्हतं.

त्यानंतर जीप आंबा घाट चढून मलकापुरापर्यंत गेली, थंडीच्या दिवसांत, पहाटे परतली. घाटावर त्या सुमाराला खरंच गारठा असतो, आणि आबांच्या म्हणण्याप्रमाणे चोक लगेच आत गेला. पावसाळ्यात ताडपत्रीखालीसुद्धा महिन्यातून एक-दोनदा गाडी सुरू करायची आणि वजन बोटाने दोन-चारदा हलवायचं, हे आता त्यांच्या घरी ठरलेलं आहे. गड्याने विसरू नये म्हणून शेडच्या खांबावर खडूने लिहिलंय.

मिस्त्रीने बिल दिलं तेव्हा टूलबॉक्समध्ये हातभर बाइंडिंग वायर गुंडाळून टाकली होती. आबांनी विचारलं, ही कशाला? “राहू दे,” तो म्हणाला, “तुमचं ते विलायती स्प्रिंग कधी घाटात रुसलं, तर बांधून घरी या.”